सतरा नंबरचा रविवार

"सत्य अखेर जिवंत डोळ्यातच दिसतं! बाकी सगळं अनुमान. आणि अनुमानाच्या खुंटीला माणसांचे डोळे टांगायचा अधिकार या समितीला कुणीही दिलेला नाही!" उजवा हात वर करून पणसाहेब एवढं बोलले आणि सभागृहात गंभीर शांतता पसरली. एकतीस वर्षांच्या नोकरीत आपल्या वाक्यामागून अशी शांतता आलेली त्यांनी पाहिली नव्हती. ती का आली हे त्यांना जरा उशिरा कळलं. त्यांच्यापुढचा माईक बंद होता. टेबलाच्या पलीकडच्या टोकाला बसलेल्यांना फक्त एक वयस्कर गृहस्थ हात वर करताना दिसले, आणि त्यांना बाहेर जाऊन यायचं असेल अशा समजुतीने मोठ्या साहेबांनी मान हलवून परवानगी दिली होती. माईक चालू करून वाक्य पुन्हा म्हणायला गेले तर ते खुंटीपाशी अडकलं. कार्यवृत्त लिहिणाऱ्या बाईंनी 'सविस्तर चर्चा झाली' असं लिहून पान उलटलं.

हे कार्यालय रसायनांचं. साबण, रंग, फरशी पुसायचं पाणी, केस काळे करायची पेस्ट, यांत जे काही नवीन घालायचं कारखान्यांच्या मनात येईल ते घालू द्यायचं की नाही, आणि दिलंच तर बाटलीवर धोक्याची खूण छापायची की नाही, हे इथे ठरतं. पणसाहेबांचा विषय डोळा. थेंब डोळ्यात उडाला तर काय होईल, एवढ्या एका प्रश्नावर त्यांनी आयुष्य काढलं होतं. कुठलाही कागद पुढे आला की त्यांच्या तोंडून पहिला शब्द 'पण' निघायचा, म्हणून हे नाव. शिपायाने वाढदिवसाचा पेढा पुढे केला तरी "पण कशाबद्दल?" असं विचारून, उत्तर ऐकून, मग खायचे. नाव त्यांच्या कानावर आलं होतं. बाहेरून ते रागावल्यासारखं करत, आतून त्यांना ते एखाद्या पदवीसारखं वाटे. निवृत्तीला चार महिने उरले होते. इतक्या वर्षांत आपल्या हातून एकही बाटली चुकीच्या खुणेने बाहेर गेली नाही, हे ते लग्नकार्यातसुद्धा, कुणी न विचारता, सांगत.

आजचा कागद वाटीवालीचा होता. वाटीवाली म्हणजे नव्या प्रयोगशाळेतली तिशीतली शास्त्रज्ञ. केस आखूड, आवाज बारीक, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांऐवजी कपाळाकडे बघायची खोड; त्यामुळे आपल्या कपाळाला काही लागलंय की काय असं पणसाहेबांना सारखं वाटत राही. बोटाच्या पेरावर मावेल एवढी प्लॅस्टिकची वाटी, तिच्या तळाशी माणसाच्या पेशींचा पातळ थर वाढवलेला. बुबुळावर काचेसारखा पडदा असतो, त्याची नक्कल. त्यावर रसायनाचा थेंब टाकायचा, ठरल्या वेळाने धुवायचा, मग एक रंग घालायचा. पेशी जिवंत असतील तर त्या जांभळ्या होतात, मेल्या असतील तर फिक्या राहतात. ससा नाही, पिंजरा नाही. पूर्वी सशांवर तपासलेले तीस पदार्थ तिने वाट्यांवर तपासले आणि निकाल ताडून पाहिले. एकोणतीस जुळले. जुळला नाही तो सतरा नंबर. जुन्या नोंदीत सशाचा डोळा तिसऱ्या दिवशी स्वच्छ. वाटी म्हणत होती, गंभीर इजा.

"पण या पेशी कुणाच्या?" पणसाहेबांनी विचारलं.

"एका दात्याच्या, सर. नाव गुप्त असतं."

"पण त्याला विचारलं होतं का?"

"हो सर, त्याची सही आहे."

"पण नाव गुप्त, तर सही कुणाची?"

सभा हसली. वाटीवाली हसली नाही. तिने पुढचा तक्ता पडद्यावर आणला, सतरा नंबरची ओळ पिवळी केली, आणि जुन्या नोंदीचा क्रमांक आणि साल दिसू लागलं. ते बघितलं मात्र, पणसाहेबांच्या टाळूला ओल्या भुश्याची चव आली. वास नव्हे, चव. त्यांनी पाणी प्यायलं तरी ती गेली नाही. आपल्याला हे असं का होतंय याचा विचार करायच्या ऐवजी त्यांनी, सवयीप्रमाणे, समोरच्यावर संशय घेतला. ज्या पदार्थावर अठ्ठावीस वर्षांत कुणी बोट ठेवलेलं नाही, त्याला गंभीर म्हणणारी वाटी भ्रमिष्ट आहे, असं त्यांनी सांगितलं, आणि या वेळी माईक चालू होता. मोठ्या साहेबांनी घड्याळ पाहिलं. निर्णय गुरुवारी. तोवर पणसाहेबांनी आपला आक्षेप लेखी द्यावा. तो टिकला तर वाटी बाद, आणि आणखी पाच वर्षं जुनाच नियम: प्रत्येक नव्या पदार्थामागे तीन ससे. नाही टिकला तर सशांची खोली बंद.

दुपारभर ते खुर्चीत बसून त्या एकोणतीसांवर चिडत राहिले. तीसपैकी एकोणतीस! असे गुण प्रामाणिकपणे मिळत नाहीत. शाळेत त्यांच्या बाकावर एक मुलगा बसायचा, तो कॉपी करताना एक गणित मुद्दाम चुकवायचा, मास्तरांना शंका येऊ नये म्हणून. सतरा नंबर हे तसंच मुद्दाम चुकवलेलं गणित असणार. त्यांना वाटीवालीचा आखूड केसांमधला तो शांत चेहरा आठवला आणि त्या शांतपणात त्यांना कावा दिसला. तिला काय हवं होतं? सशांची खोली बंद झाली की ती तिच्या वाट्यांना मिळणार होती. उत्तरेचा उजेड, मोठे ओटे, नळाला भरपूर पाणी. हे सुचल्यावर त्यांना बरं वाटलं. माणसाला काय हवंय ते कळलं की त्याच्यावर अविश्वास ठेवायला मोकळं होता येतं. सतरा नंबरची मूळ फाईल काढायची, अठ्ठावीस वर्षांपूर्वीच्या माणसांनी कसं चोख काम केलं होतं ते दाखवायचं, आणि वाटी उपडी करायची, असं ठरवून ते तळघरात उतरले.

दप्तरवाला स्वेटर घालून बसला होता. त्याने वहीत पाहिलं, दोन वेळा शिंकला, म्हणाला, "नशीब बघा या फाईलचं, साहेब. अठ्ठावीस वर्षं कुणी हिंग लावून विचारलं नाही. आणि आता महिन्याभरात दुसऱ्यांदा."

"पण पहिल्यांदा कोण?"

"त्या वाटीवाल्या मॅडम. दीड तास उभ्याने वाचली. खुर्ची दिली तर नको म्हणाल्या."

पायऱ्या चढताना पणसाहेबांना फाईल बगलेत गरम लागत होती. दीड तास! आत सगळी मिळून अकरा पानं. अकरा पानांत दीड तास घालवणारा माणूस वाचत नसतो, शोधत असतो. खोलीचं दार लावून त्यांनी फाईल उघडली आणि अक्षर पाहून एकदम ओशाळले, गर्दीत आपलाच जुना फोटो कुणीतरी पुढे करावा तसे. अक्षर त्यांचंच होतं. तिशीतलं, उभं, सडपातळ, सगळ्या उकारांना शेपट्या असलेलं. तरीही त्यांनी हातचं राखलं नाही. लिहिणारा कुणी परका आहे असं धरून ते तपासायला बसले. तपासणं एवढंच त्यांना येत होतं. पहिला दोष लगेच सापडला. थेंब गुरुवारी घातलेला. या धंद्यात नवख्याला पहिल्याच आठवड्यात बजावतात की गुरुवारी थेंब घालू नकोस. डोळा पहिल्या तासाला बघायचा, मग चोविसाव्या, अठ्ठेचाळिसाव्या आणि बहात्तराव्या तासाला. गुरुवारचे बहात्तर तास रविवारी भरतात, आणि रविवारी कार्यालयाच्या फाटकाला कुलूप असतं. 'हा लेखनिक उतावळा दिसतो,' पणसाहेबांनी मनात शेरा मारला. दुसरं, आकडे. तीन ससे, डोळ्याच्या गढुळपणाला शून्य ते चार गुण. गुरुवारी दोन, दोन, दोन. शुक्रवारी दोन, एक, दोन. शनिवारी एक, एक, एक. रविवारी शून्य, शून्य, शून्य. किती सुरेख शून्यं होती ती! एका मापाची, एका दमात काढलेली, शाई शनिवारच्या एकांच्याच निळसर छटेची. आणि त्याखाली सोमवारची सही मात्र वाकडीतिकडी, डाव्या हाताने केल्यासारखी. रविवारी ज्याचा हात इतका स्थिर होता, त्याला सोमवारी काय झालं? 'लेखनिक संशयास्पद,' असं मनात उमटलं आणि टाळूला पुन्हा ती चव आली.

घरी आल्यावर चपला न काढता ते न्हाणीघरात गेले. फरशी घासायच्या बाटलीमागची बारीक अक्षरं भिंग लावून वाचली. सतरा नंबर चौथ्या ओळीत होता. धोक्याची खूण नव्हती. कुठून असणार, ती नको असं त्यांनीच लिहून दिलं होतं. स्टूल घेऊन त्यांनी बाटली कपाटाच्या वर, सुटकेसच्या मागे ठेवली. उतरतात तो दारात बायको.

"अहो, ही नवीन तऱ्हा काय? मी आता फरशी घासायला शिडी लावू?"

"काही दिवस साध्या पाण्याने घास."

"पंचवीस वर्षं तीच बाटली आणतेय. तुम्हीच सांगितलं होतंत, 'अगं, डोळे मिटून वापर, मी स्वतः तपासलंय.' तिथून पुढे शेजारणीला पण मीच सांगितलं."

"डोळे मिटून असं नव्हतो म्हणालो."

"डोळे मिटूनच म्हणाला होतात. बरी आठवते मला तुमची वाक्यं, तुम्हाला नाही आठवली तरी."

ते पलंगावर बसले. मग विषय बदलल्यासारखं करून, बाहेर बघत, त्यांनी विचारलं, या घरात आपण राहायला आलो त्या महिन्यातला दुसरा रविवार, आपण काय करत होतो? कुणीही बायको असल्या प्रश्नाला हसली असती. ही नवऱ्याकडे बघत राहिली, कारण तिला उत्तर येत होतं. पणसाहेबांनीही तोवर मनातल्या मनात काही उत्तरं तयार ठेवली होती. मुलीला ताप आला असेल. आईला दवाखान्यात न्यायचं असेल. आपल्यालाच फणफणून आलं असेल. त्यांना त्या तापाची कणकण आठवायलासुद्धा लागली होती. डोक्यावरची ओली घडी, मोसंब्याचा रस.

"पलंग हलवला," बायको म्हणाली.

"काय?"

"हा पलंग. सकाळी तोंडावर ऊन येतं म्हणून तुम्ही तो त्या भिंतीला नेलात. तिथे कपाटाचं दार उघडेना, म्हणून परत इकडे आणलात. मग म्हणालात, आडवा लावून बघू. दिवस गेला त्यात. शेवटी होता तिथेच ठेवलात आणि त्याचा पाय तुमच्या हाताच्या अंगठ्यावर टेकवलात. उजव्या. नख गेलं होतं. महिनाभर वेडंवाकडं लिहीत होतात, विसरलात?"

पणसाहेबांनी उजव्या अंगठ्याचं नख पाहिलं. नख अठ्ठावीस वर्षांत बरंच नवं झालं होतं, त्यात पाहण्यासारखं काही नव्हतं. पण सोमवारची सही का वाकडी आली ते कळलं, आणि रविवारची शून्यं इतकी गोल कशी, तेही. ती रविवारी काढलेलीच नव्हती. शनिवारी संध्याकाळी, फाटकाकडे जाण्यापूर्वी, चांगल्या अंगठ्याने, उभ्या उभ्या, त्यांनी ती काढून ठेवली होती. आकडे उतरत चालले होते. दोन, मग एक, मग शून्य. पायऱ्या उतरणाऱ्या माणसाने शेवटची पायरी न बघता पाय टाकावा इतकं ते साहजिक होतं. आणि रविवारी तिन्ही शून्य असली की तपासणी संपली असा नियम. मग तिन्ही सशांना रविवारीच संपवायचं, एकवीस दिवस पाळत बसायचं कारण उरत नाही. तो कागद त्यांनी शनिवारीच पिंजरेवाल्या मामांच्या खिळ्याला अडकवून ठेवला होता. मामा तिथेच मागच्या खोलीत राहायचे, त्यांना रविवार नसायचा. इतकी वर्षं ते पलंगासकट हे सगळं विसरले होते, किंवा विसरले नव्हते. एखादी वस्तू आपण सांभाळून ठेवतो आणि कुठे ठेवली ते विसरतो, त्यातलं हे होतं. बायकोने चहाचा कप हातात दिला. तिच्या चेहऱ्यावर दिव्याचा उजेड पडला होता आणि त्यांना दुसरंच काहीतरी आठवलं. सहा-सात वर्षांपूर्वी फरशी घासताना तिच्या डाव्या डोळ्यात थेंब उडाला होता. आठवडाभर ती म्हणत होती, धूसर दिसतंय. ते म्हणाले होते, तू चोळला असशील.

ते उठले, खणातली बारकी बॅटरी काढली, तिची हनुवटी धरून चेहरा वर केला आणि डाव्या डोळ्यात बाजूने उजेड टाकला.

"अहो, हे काय? सशासारखं काय बघताय मला?"

"हलू नको."

बुबुळावर, खालच्या कडेला, काहीतरी होतं. किंवा उजेडाचं प्रतिबिंब होतं. त्यांनी बॅटरी तिरकी केली; ते सरकलं, किंवा सरकल्यासारखं वाटलं. शून्य की एक? हजारो डोळे वाचलेला माणूस बायकोच्या डोळ्यापुढे अडला. नव्या नोकरदारांसाठी त्यांनी एक पुस्तिका लिहिली होती, तिच्यात पहिल्याच पानावर जाड अक्षरात होतं की जे पाहिलं नाही ते लिहू नये. पाहूनही कळलं नाही तर काय लिहावं, हे त्यांनी कुठेच लिहिलं नव्हतं. मग त्यांनी तिला सांगितलं. सगळं, शनिवार, शून्यं, खिळा. ती ऐकत राहिली. म्हणाली, "म्हणजे मी इकडे पलंगाला खांदा देत होते, आणि तिकडे..." आणि थांबली. मग स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला, "त्या वाटीवाल्या पोरीला कळलंय की तिला कळायचंय?" हाच प्रश्न ते जिना चढल्यापासून स्वतःला विचारत होते. तिच्या तोंडून ऐकल्यावर मात्र त्यांना राग आला. आपला संशय दुसऱ्याने उचलला की तो चोरीला गेल्यासारखा वाटतो.

मंगळवारी त्यांनी आक्षेपाचे तीन मसुदे केले. पहिल्यात वाटी चूक होती. दुसऱ्यात वाटी बहुधा चूक होती. तिसऱ्यात 'अधिक अभ्यासाची गरज' होती, आणि या तिसऱ्यावर कुणीही सही केली असती, तो इतका निर्दोष होता. तो टाईप करून घेतला असता तर विषय संपत होता. चार महिन्यांनी हार, एक भिंतीवरचं घड्याळ, मोठ्या साहेबांचं भाषण, त्यात 'एकही बाटली' हे वाक्य. पाच वर्षं सशांची खोली. नव्या पदार्थांची संख्या वर्षाला दीडशे धरली, तर त्याला तिनाने, मग पाचाने. त्यांनी गुणाकार अर्ध्यावर सोडला. बोळात वाटीवाली समोरून आली. कपाळाकडे बघत म्हणाली, "सर, फाईल मिळाली?"

"पण कुठली?"

"सतराची. दप्तरातून तुम्ही नेल्याचं लिहिलं होतं."

"मिळाली. तुम्हीही पाहिली होती म्हणे."

"हो. छान अक्षर आहे," ती म्हणाली आणि गेली. यात काय होतं? अक्षराचं कौतुक वाटलं, की अक्षर ओळखल्याची जाणीव दिली? छान म्हणजे कुठलं छान, शनिवारचं? त्यांनी ते दोन शब्द घरी नेले, झोपताना उलटे-पालटे केले, सकाळी परत आणले. बुधवारी न राहवून ते तिच्या प्रयोगशाळेत गेले, म्हणजे निरखायला. ती जागेवर नव्हती. पांढऱ्या ओट्यावर वाट्यांच्या रांगा होत्या, जांभळ्या, जांभळ्या, फिकट जांभळ्या, आणि एका रांगेत तीन अगदी फिक्या, दूध पाण्यात विरलं की दिसतं तशा. चिठ्ठीवर सतरा. त्यांनी वाकून पाहिलं. काय खटकतंय ते कळायला त्यांना वेळ लागला. या वाट्या बघत नव्हत्या. सशाच्या एका डोळ्यात थेंब घालायचा आणि दुसरा तुलनेसाठी कोरा ठेवायचा. गुण कायम थेंबाच्या डोळ्याला मिळत, पण बघत असायचा तो दुसरा. एकतीस वर्षं त्यांनी ज्याच्या नजरेला नजर दिली नाही, तो सबंध वेळ कोरा डोळा होता. जिवंत डोळ्यात सत्य दिसतं असं ते सोमवारी म्हणाले होते खरे, पण त्या डोळ्याला काय दिसत होतं? एक उतावळा तरुण, हातात पाटी, घड्याळाकडे बघणारा.

आणि मग, तिथेच ओट्याला टेकून उभे असताना, अठ्ठावीस वर्षांपूर्वीचा तो सोमवार आठवणीत आला. त्याची ते तीन दिवस वाट पाहत होते आणि तो येऊ नये म्हणूनही तितकेच झटत होते. सकाळ, अंगठ्याला पट्टी. पिंजरे धुऊन उपडे ठेवलेले, त्यांतून ओल्या भुश्याचं पाणी ठिबकतंय. मामा झाडू टेकवून उभे.

"या साहेब. काल वाट बघितली तुमची."

"कागद ठेवला होता ना, मामा."

"होता की. कागदाप्रमाणे उरकलं सगळं." मामा झाडूच्या दांड्याला म्हणावं तसं म्हणाले, "तेवढं एक, तीन नंबरचा डोळा काल दुधासारखा झाला होता हो. एक नंबरचा पण तसाच. शनिवारी बरे होते ते. काल सकाळी बघतो तर दूध."

"पण तिथे उजेड कमी असतो, मामा. दिव्याखाली सगळेच डोळे तसे दिसतात."

"तसं असेल," मामा म्हणाले. "तुम्ही शिकलेले." आणि झाडायला लागले. त्यांनी त्यानंतर कधी तो विषय काढला नाही, फक्त पुढे निवृत्त होईपर्यंत प्रत्येक शनिवारी संध्याकाळी, पणसाहेब फाटकाकडे निघाले की, "उद्या येताय ना?" असं हसून विचारायचे, आणि पणसाहेबांना ती मामांची थट्टा वाटायची. शनिवारी निवळलेला डोळा रविवारी पुन्हा दुधाळतो, असं काही पदार्थांचं असतं. इजा आत दबा धरून बसते आणि मग वर येते. हे त्यांनी स्वतःच्या पुस्तिकेत नवव्या पानावर लिहिलं होतं. वाटी बरोबर होती. वाटीला ससा खोटा पाडत नव्हता, पलंग पाडत होता.

गुरुवारी सभागृहात त्यांनी आधी माईकवर टिचकी मारून पाहिली. हातात कागद नव्हता, म्हणून हातांचं काय करावं ते कळेना. वाटीवाली समोरच्या रांगेत, वही उघडून. मोठे साहेब म्हणाले, "हं, आक्षेप." पणसाहेबांनी या वेळी 'पण'ने सुरुवात केली नाही. ते म्हणाले, "त्या रविवारी मी आलोच नव्हतो." मग सगळं सांगितलं. गुरुवारचा थेंब, शनिवारची शून्यं, खिळ्यावरचा कागद, मामा काय म्हणाले, आपण त्यांना काय म्हणालो. कारण विचारलं नव्हतं तरी तेही सांगितलं; पलंग हा शब्द माईकमधून फार मोठा ऐकू आला. या बाटलीवर खूण हवी होती, ती माझ्यामुळे अठ्ठावीस वर्षं नाही, असं म्हणाले. माझ्या घरी त्याने एक डोळा कदाचित अधू झालाय, कदाचित नाही, असं म्हणाले. "एकदाच घडलं हे. पण घडलं." आणि बसले. त्यांची अपेक्षा होती की खुर्च्या सरकतील, कुणी "काय!" म्हणेल, किमान कार्यवृत्तवाल्या बाई वर बघतील. तसं काही झालं नाही. त्यांच्या वयाचे, त्याच सशांच्या खोलीतून वर आलेले चार सभासद टेबलावर होते. एक चष्मा पुसत होता. एक आपल्या नखांकडे बघत होता. तिसऱ्याने रिकामा कप तोंडाला लावला. चौथा खिडकीबाहेरच्या झाडाकडे, जणू ते झाड आत्ताच लावलंय. खोलीतल्या एका वयाच्या सगळ्या माणसांनी एकमेकांना चुकवायचं ठरवलं की जी शांतता होते, तिला माईकची गरज नसते. शेवटी मोठे साहेब खाकरले. ते स्वतः तिथेच वाढलेले. म्हणाले, "रविवार म्हणजे... तो काळच तसा होता. असो. सतरा नंबर यादीतून वगळावा, बाटलीच्या खुणेचा फेरविचार व्हावा. उरलेले एकोणतीस जुळतात. म्हणजे एकोणतीसपैकी एकोणतीस. वाटी मंजूर. सशांची खोली महिनाअखेर बंद." टाळ्या वाजल्या. त्या कुणासाठी, ते नक्की नव्हतं. चौकशी नाही, ताशेरा नाही. पणसाहेबांना आपण सुटलो असं वाटायला हवं होतं. त्यांना वाटलं ते असं, की आयुष्यभराची जड पेटी स्टेशनपर्यंत डोक्यावरून आणावी आणि हमालाने ती बोटावर उचलून कुठे ठेवली हेही सांगू नये.

माणसं पांगली. वाटीवाली तेवढी टेबलाला वळसा घालून त्यांच्याकडे आली. ती आता आभार मानेल, मग आपण 'छे छे' म्हणायचं, किंवा ती म्हणेल की मला माहीत होतं, मग आपण मान खाली घालायची, अशी त्यांनी दोन्हींची तयारी केली. ती प्रथमच त्यांच्या कपाळाकडे न बघता सरळ डोळ्यांत बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर जिंकल्याची एक रेघ नव्हती.

"सर, एकोणतीसांतल्या अकरा नोंदी तुमच्याच आहेत," ती हळू म्हणाली. "मी जुनी कॅलेंडरं लावून पाहिली. त्यांतल्या चार नोंदी गुरुवारी सुरू झाल्यात."

पणसाहेबांनी बोटांवर मोजलं: चार गुरुवार, म्हणजे चार रविवार.

"त्या चारही वाटीशी जुळतात. तीच तर पंचाईत आहे, कशाशी जुळतात, डोळ्याशी की अनुमानाशी, ते मला कळत नाही." तिने बगलेतल्या चार फायली टेबलावर ठेवल्या, त्यांच्या कडा सारख्या केल्या, आणि वहीत खोचलेली पेन्सिल काढून त्यांच्यापुढे धरली. "सवडीने चालेल, सर. न बघता लिहिलेल्या रकान्यांवर तेवढी बारीकशी फुली मारून देता का?"